घरात तिघांनाही एच. पायलोरी (जठरात राहणारा जिवाणू), अल्सर मात्र एकट्या बाबांना. असं का?

सिन्नरकर

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दीड महिन्यापूर्वी एका पहाटे संडासातून येताना उंबऱ्यावरच त्यांनी बसकण मारली. आई धावली तर अंग घामाने डबडबलेलं, ओठ पांढरेफटक. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शी काळी होतेय का?" बाबा माझ्याकडे बघेनात. मला खुणेनेच बाहेर जायला सांगितलं. मागाहून कळलं की आठ दिवस डांबरासारखी होत होती आणि हा माणूस घरात एका शब्दाने बोलला नव्हता. हिमोग्लोबिन ६.८. दोन पिशव्या रक्त चढवलं. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, तेवढी धावपळ वाचली.

दुर्बीण टाकली तेव्हा ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथेच, करंगळीच्या नखाएवढी जखम दिसली. मध्ये पांढरट, कडेने लालबुंद. त्याच वेळी जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलच्या चकतीत टाकला. मी बाहेर बसले होते, तिथल्या सिस्टरांनी चकती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बघत बसा, गुलाबी झालं तर सांगा." पंधरा-वीस मिनिटांत त्या कणीभोवती गुलाबी वर्तुळ पसरायला लागलं. पांढऱ्या कापडावर ओलं कुंकू सांडावं तसं.

मग आईची आणि माझी शौचाची तपासणी केली. दोघीही पॉझिटिव्ह! माझं ठीक आहे, मला अधूनमधून जळजळ होते. पण आई दगड पचवणारी बाई आहे. तिला आयुष्यात कधी पोट दुखलेलं मी पाहिलं नाही. त्याच घरातलं पाणी, तीच भाजी, तोच लसणाचा ठेचा.

ठेच्यावरून आठवलं, आत्याचा निकाल ठेच्याच्या विरोधात गेलाय. काका म्हणतात, एसटीतलं वेळीअवेळी खाणं. शेजारच्या काकू म्हणतात, टेन्शन. डॉक्टर म्हणाले, "जिवाणू आहे, तो टॉक्सिन सोडतो," आणि पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांचाही दोष नाही, बाहेर चाळीस माणसं बसली होती.

तर माझा प्रश्न असा: विष सोडतो म्हणजे नक्की काय करतो? विषानेच भोक पडतं का? आणि पडत असेल तर ते बाबांनाच का, आईला का नाही? लॅबमधला एक मुलगा म्हणाला, "टॉक्सिनवाला स्ट्रेन आहे का याचीही टेस्ट होते, पाहिजे तर बाहेर पाठवू." करावी का? मी बी.कॉम., पतसंस्थेत नोकरी. सोपं करून सांगा, पण बाळबोध नको.

उपाशी_बोका

ठेचा निर्दोष सुटला का तेवढं आधी सांगा. बाकी धागा वाचतोय.

कोकमसरबत

वडिलांना लवकर बरं वाटो. आमच्याकडे रोज सकाळी गुलकंद आणि रात्री गार दूध. माझं पित्त पार गेलं. केमिकलच्या गोळ्या जितक्या कमी तितकं बरं.

अगारप्लेट

कोकमसरबत, गुलकंद मलाही आवडतो, पण ६.८ हिमोग्लोबिनच्या माणसाला गुलकंदावर ठेवू नका हो.

सिन्नरकर, मी एका मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. आयुष्यातली दोन वर्षं याच जिवाणूला प्लेटवर वाढवण्यात घालवली आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाने जुनी जखम उघडली असं समजा. इतका नखरेल जीव दुसरा नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, एवढ्यात तो गुदमरतो. अजिबात नसला तरी जगत नाही. त्याला हवा ५ टक्क्यांच्या आसपास. वर रक्त घातलेलं अगार (जिवाणूचं जेलीसारखं खाद्य), ३७ अंश, दमट हवा आणि तीन ते पाच दिवस न उघडता थांबायची तयारी. मग कुठे टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात, अळूच्या पानावरच्या दवासारखे. पहिले चार महिने माझ्या प्लेटवर निव्वळ बुरशी आली.

ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांचीही हीच रड होती. दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट फेकून द्यायची, असा लॅबचा शिरस्ता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि उघडून बघतात तर ठिपके. तोवर वैद्यकाचं ठाम मत होतं की पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये कुठलाही जिवाणू घर करू शकत नाही. लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९८४ साली मार्शलने जिवाणूंचा एक पेलाभर रस्सा (ज्यात ते वाढवतात तो द्रव) स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास यायला लागला, आणि दुर्बीण टाकली तर आधी निरोगी असलेल्या जठराला चांगलीच सूज. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. (हे वाचून कुणी घरी करू नये.)

आता तुमचा प्रश्न. विषाने भोक पडतं का? सरळ असं नाही. भोक पाडतं ते आपलंच अ‍ॅसिड. जिवाणू फितुरी करतो. गडाचा दरवाजा आतून उघडून देतो, मग बाहेरच्या फौजेला कष्ट कसले.

ही फितुरी तीन-चार पदरी आहे. पहिला पदर तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय, ते गुलाबी वर्तुळ. त्या जेलमध्ये युरिया असतो आणि फेनॉल रेड नावाचा रंग. जिवाणूकडे युरिएज म्हणून एन्झाइम आहे, ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून पिवळ्याचं गुलाबी. पोटात तो हेच करतो. स्वतःभोवती अमोनियाची छत्री धरतो आणि अ‍ॅसिडच्या पावसातून कोरडा पार होतो. जठराच्या अस्तरावर शेंबडासारखा घट्ट थर असतो, तोच आपलं खरं चिलखत. अमोनियामुळे तो थर आजूबाजूला पातळ होतो आणि हा मळसूत्री अंगाचा प्राणी शेपट्या फिरवत आत घुसतो. तिथे, पेशींना चिकटून, आयुष्यभराचा मुक्काम.

मग विष नंबर एक, व्हॅक-ए. पेशीच्या आत जे पोकळ फुगे तयार होतात त्यांना व्हॅक्युओल म्हणतात, त्यावरून नाव. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जिवाणू गाळून काढून टाकले होते, नुसता रस्सा पेशींवर घातला होता, तरी पेशींत फुगे आले. म्हणजे जिवाणू नव्हे, त्याने सोडलेलं काहीतरी हे करतंय. हा प्रयोग मी माझ्या हाताने केला आहे. रस्सा घालायचा, काही तास थांबायचं, मग न्यूट्रल रेड नावाचा रंग घालायचा. फुगे तो रंग ओढून घेतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता, "अनारसा!" पेशीभर तशीच जाळी, प्रत्येक भोकाच्या आत लाल. शेजारच्या ताटलीत रस्सा न घातलेल्या पेशी होत्या, त्या सपाट नि गुळगुळीत, धिरड्याच्या पिठासारख्या.

गंमत म्हणजे पहिले तीन आठवडे मला अनारसा जमलाच नव्हता. पेशींच्या पाण्यात अमोनियम क्लोराइड घालायचं असतं, ते मी विसरत होते. व्हॅक-ए पेशीच्या कातड्यात आणि आतल्या कप्प्यांच्या भिंतींत नळ बसवतं, त्यातून क्लोराइड आत येतं. पण कप्पा टम्म फुगायला अमोनियाही लागतो. आणि पोटात अमोनिया कोण पुरवतं? तेच युरिएज. एकाने नळ बसवायचा, दुसऱ्याने पाणी सोडायचं. या जोडगोळीचं मला अजून कौतुक वाटतं, शत्रू असली तरी.

फुगे हा दिसणारा भाग. व्हॅक-ए पेशीच्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे तिच्या वीजघरापर्यंत, पोचतं आणि पेशीला आत्महत्येचा हुकूम देतं. शिवाय ज्या टी पेशींनी आरडाओरडा करून जिवाणूला हाकलायचं, त्यांना गप्प बसवतं. म्हणून तर चाळीस-पन्नास वर्षं मुक्काम करूनही याची हकालपट्टी होत नाही.

दुसरं, कॅग-ए. काटेकोर बोलायचं तर हे विष म्हणून बाहेर सोडलं जात नाही, टोचलं जातं. काही जिवाणूंच्या डीएनएत चाळीस हजार अक्षरांचा एक जास्तीचा तुकडा असतो, त्यात तीसेक जनुकं. त्यातून चक्क एक सुई तयार होते. ती पेशीत खुपसायची आणि कॅग-ए आत ढकलायचं. आत गेल्यावर आपल्याच पेशीची एन्झाइम त्याला फॉस्फेटची टिकली लावतात. टिकली लागली की पेशीला ते घरचंच वाटतं. मग वाढीचे खोटे निरोप सुटतात, पेशी लांबुडक्या होतात, एकमेकींचा हात सोडतात. बाथरूमच्या फरश्यांमधलं सिमेंट निघाल्यावर पाणी खालच्या मजल्यावर झिरपतं ना, तसं अ‍ॅसिड झिरपतं. आणि सुई टोचल्याबरोबर पेशी मदतीची हाक मारते, पांढऱ्या पेशींची झुंड येते, अस्तर सुजतं. ती सूज वर्षानुवर्षं राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली या जिवाणूला पहिल्या गटातलं कर्ककारक ठरवलं ते या दीर्घ सुजेमुळे.

बाबांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. जिवाणू जठराच्या खालच्या टोकाला जास्त बसला की तिथल्या सुजेमुळे अ‍ॅसिडला आवर घालणारं सोमॅटोस्टॅटिन कमी होतं आणि अ‍ॅसिड वाढवणारं गॅस्ट्रिन वाढतं. वरच्या भागातला अ‍ॅसिडचा कारखाना मात्र शाबूत. तो जोरात चालतो आणि सगळं अ‍ॅसिड पुढे ड्युओडेनमवर ओतलं जातं. तिथलं अस्तर मार खाऊन खाऊन जठरासारखं व्हायला लागतं, मग जिवाणू तिथेही बिऱ्हाड करतो. जखम तिथे पडते. उलट ज्यांच्यात सूज वरच्या भागात पसरते त्यांचा कारखानाच हळूहळू बंद पडतो. त्यांना ड्युओडेनमचा अल्सर सहसा होत नाही, पण जठराचा अल्सर आणि कॅन्सर यांची भीती जास्त.

आता आईला का नाही? इथे लॅबमधल्या मुलाच्या टेस्टचाही निकाल लागतो. व्हॅक-एचं जनुक सगळ्याच एच. पायलोरीत असतं, फक्त काहींचं विष जहाल, काहींचं बोथट. कॅग-ए काहींत असतं, काहींत नसतं. युरोप-अमेरिकेत दोन्ही प्रकारचे जिवाणू भरपूर सापडतात, त्यामुळे तिथे कॅग-एवाल्यांना अल्सर जास्त असा फरक स्पष्ट दिसतो. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या पोटात जहालच वाण (म्हणजे स्ट्रेन). कोलकात्यात झालेल्या अभ्यासांत अल्सरच्या पेशंटकडे आणि ठणठणीत माणसांकडे सापडलेल्या जिवाणूंत या जनुकांचा फारसा फरकच नव्हता. जपानात तर जवळजवळ सगळेच कॅग-एवाले. म्हणजे टेस्ट केलीत तर बहुधा "आहे" असं उत्तर येईल, आईचं केलंत तरी "आहे" येईल, आणि औषध तेच राहील. पैसे वाचवा.

शिवाय हा जिवाणू बहुधा लहानपणी घरातूनच लागतो, तोंडातून तोंडात, हातातून, पाण्यातून. एका घरात पुष्कळदा एकच वाण फिरतो. म्हणून शोध जिवाणूत नाही, माणसात घ्यायचा. संसर्ग असलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच कधी ना कधी अल्सर होतो. ओ रक्तगटाच्या लोकांत ड्युओडेनमचा अल्सर थोडा जास्त, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. हा जिवाणू पेशीला चिकटताना जी साखर पकडतो ती रक्तगटाच्या कुटुंबातलीच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. मला दोन गोष्टी सांगा. बाबा बिडी-सिगारेट ओढतात का? आणि कंबर, गुडघा, डोकं, कशासाठीही दुखण्याची गोळी घेतात का? ड्रायव्हर होते म्हणून विचारते.

बोका, ठेचा निर्दोष. जखम असताना झोंबतो, तेवढंच.

दुर्बीणवाला

अगारप्लेट ताई, दंडवत. मी एंडोस्कोपी रूममध्ये टेक्निशियन आहे, दिवसाला वीस-पंचवीस तुकडे त्या पिवळ्या जेलमध्ये टाकतो. दोन कामाच्या गोष्टी.

अ‍ॅसिड कमी करायच्या गोळ्या, पॅन्टोप्राझोल वगैरे, चालू असल्या की जिवाणू दबतो आणि जेल पिवळीच राहते. ताजा रक्तस्राव असतानाही फसवते. म्हणून पिवळी म्हणजे नाही, असं धरून चालत नाही. औषधांचा कोर्स संपल्यावर परत तपासायचं ते ॲन्टिबायोटिक थांबून किमान चार आठवडे झाल्यावर, आणि तपासणीच्या आधी दोन आठवडे त्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद करून. पेशंट हमखास आदल्या रात्री एक टाकतात. "जळजळत होतं हो." मग तपासणीला अर्थ उरत नाही.

दुसरं, रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करून "गेला का" बघू नका. जिवाणू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह येते. श्वासाची नाहीतर शौचाची.

आप्पा_मिरजकर

वय वर्षे ७६, म्हणून थोडं मागचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाला १९७४ साली हाच अल्सर. तेव्हा जिवाणू हा शब्द या आजाराच्या जवळपासही नव्हता. दर दोन तासांनी गार दूध. मिरची बंद, चहा बंद, "काळजी करू नका" हे वर. काळजी कशी करायची नाही, घरात सहा माणसं आणि कमावता एकटा. दुधाने बरं वाटायचं, तासाभराने पुन्हा कळ. पहाटे दोनला उठून तो ओट्याशी उभा राहून भाकरीचा तुकडा चावायचा, रिकाम्या पोटी दुखायचं म्हणून. तो आवाज मला अजून आठवतो.

शेवटी ऑपरेशन. अ‍ॅसिडचा हुकूम देणारी नस कापली आणि जठराला खाली आतड्याशी नवी वाट जोडून दिली. अल्सर गेला. पण त्यानंतर जेवण झालं की अर्ध्या तासात घाम फुटायचा, छातीत धडधड, आडवं व्हावं लागायचं. लग्नकार्यात पंगतीला बसायचं त्याने सोडलं. २००५ साली नोबेलची बातमी पेपरात आली, मी त्याला वाचून दाखवली. म्हणाला, "म्हणजे चौदा दिवसांच्या गोळ्यांचं काम होतं?" आणि पेपर घडी करून ठेवला.

उपाशी_बोका

आप्पा...

(मी विनोद करायला आलो होतो, राहू दे.)

सिन्नरकर

सगळ्यांचे आभार. अगारप्लेट, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिला विष वगैरे ऐकून काही वाटलं नाही, "अनारसा कसला, जाळी म्हणजे घावन," एवढंच म्हणाली.

आता तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं. बिडी-सिगारेट नाही. तंबाखू होती, निवृत्तीच्या आधीच सोडली. गोळ्यांचं विचारलं तर बाबा म्हणाले, "छे, मी कसल्या गोळ्या घेतोय." आईने त्यांच्याकडे बघितलं, ते खिडकीकडे बघायला लागले. मला काही सुचेना. मग रविवारी स्कूटर पुसायला घेतली, डिकी उघडली, तर पुसायच्या फडक्यात गुंडाळलेल्या डायक्लोफेनॅकच्या चार स्ट्रिप. अडीच रिकाम्या.

झालं असं की निवृत्तीनंतर मित्राच्या शाळेच्या गाडीवर ते बदली ड्रायव्हर म्हणून जात होते. आम्हाला सांगायचे, "मित्राकडे बसतो." कंबर आधीच गेलेली. मेडिकलवाल्याने एकदा गोळी दिली, बरं वाटलं, मग रोज एक, चढणीचा रस्ता असला की दोन. रिकाम्या पोटी, चहावर. पाच महिने! मी इतकी चिडले की स्ट्रिप त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि बोललेच नाही. तेही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी चालवल्याशिवाय दिवस जात नाही गं."

म्हणजे जिवाणू नाहीच, या गोळ्यांनीच केलं का सगळं? आणि दुसरं, औषधांचा कोर्स सुरू झालाय, काल शी पुन्हा काळी झाली म्हणाले. माझे हातपाय गळाले आहेत.

दुर्बीणवाला

आधी दुसरं. औषधांत बिस्मथ आहे का? आणि हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या? दोन्हींनी शी काळी होते. रक्ताची असते ती चिकट, चकचकीत, डांबरासारखी, आणि वास असा की दार लावून उपयोग नाही. लोहाची काळपट हिरवी, घट्ट. तरीही चक्कर, धडधड, घाम यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना. नसलं तरी आज डॉक्टरांना फोन करून सांगाच.

अगारप्लेट

डिकी! मला वाटलंच होतं, पण डिकी नव्हती वाटली.

"गोळ्यांनीच" असंही नाही. दोघे मिळून. पोटाचं अस्तर प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या पदार्थावर आपली डागडुजी करतं. चिलखताचा शेंबूड, अ‍ॅसिड मारणारं बायकार्बोनेट, अस्तराचा रक्तपुरवठा, सगळं त्याच्या भरवशावर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन बनणंच अडवतात. कंबरेतलं बनणं थांबलं म्हणून दुखणं थांबतं, पोटातलं थांबलं म्हणून भिंत उघडी पडते. गोळी जिभेवर ठेवलीत काय किंवा इंजेक्शन घेतलंत काय, हा परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे "जेवल्यावर घेतली की काही होत नाही" हाही भ्रमच.

आता बाबांच्या पोटाचा नकाशा बघा. लहानपणापासून जिवाणू आत. व्हॅक-ए पेशी पोखरतंय, कॅग-ए सांधे ढिले करतंय, गॅस्ट्रिन वाढून अ‍ॅसिड जोरात. तरी साठ वर्षं शरीर रोज पडझड भरून काढत होतं, तेवढी ताकद त्याच्यात होती. मग त्या पाच महिन्यांच्या गोळ्यांनी गवंड्यालाच सुट्टी दिली. आईंच्या घरात पडझड चालू आहे, पण गवंडी कामावर आहे. जिवाणू आणि या गोळ्या एकत्र आल्या की धोका दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा होतो, आणि रक्तस्राव पुष्कळदा दुखल्याशिवायच सुरू होतो, कारण गोळी कळही मारून टाकते.

तुम्हाला अजून राग आलाय हे समजू शकते. पण कंबरेचं दुखणं खरं आहे, ते डॉक्टरांना सांगा. पॅरासिटामॉल हे या जातीतलं नाही, त्यांना विचारून तेवढं चालू शकेल. आणि आईंना औषध द्यायचं का, तेही त्याच भेटीत विचारा.

कोर्स मध्येच सोडू देऊ नका. चौदा दिवस म्हणजे चौदा. तोंडात धातूची चव येईल, मळमळेल, बाबा नवव्या दिवशी म्हणतील, "आता बरं आहे." आपल्या देशात मेट्रोनिडॅझोल या ॲन्टिबायोटिकला हा जिवाणू आधीच पुष्कळ ठिकाणी सरावलेला आहे, अर्धवट कोर्स म्हणजे त्याची शिकवणी.

उपाशी_बोका

अवांतर: आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला तो ओत्झी, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या जठरातही हाच जिवाणू सापडला. २०१६ साली छापून आलं होतं. कॅग-एवाला, जहाल व्हॅक-एवाला. आणि त्याचा वाण आजच्या युरोपियन लोकांपेक्षा आपल्या दक्षिण आशियातल्या वाणाच्या जवळचा. म्हणजे सिन्नरच्या एसटी ड्रायव्हरच्या आणि आल्प्समधल्या त्या बाबाच्या पोटात चुलतभाऊ नांदत होते. तो मेला मात्र पाठीत बाण लागून.

कोकमसरबत

माझ्या सासूबाई गुडघ्यासाठी हीच गोळी दोन वर्षं घेतायत. आज डबा तपासला. उद्या डॉक्टरकडे नेते. गुलकंदाबद्दल मी काही बोलणार नाही.

सिन्नरकर

उशिरा लिहितेय, दहा आठवडे झाले. त्या दिवशीची काळी शी बिस्मथचीच होती, डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं, हिमोग्लोबिन उतरलेलं नव्हतं. चौदा दिवस पूर्ण केले. नवव्या दिवशी खरंच म्हणाले, "आता बरं आहे." अगारप्लेट, तुमचा प्रतिसाद मोबाइलवर मोठ्या अक्षरांत करून त्यांच्या हातात दिला. अनारशापर्यंत वाचलं आणि गोळी घेतली.

परवा शौचाची तपासणी झाली, निगेटिव्ह. हिमोग्लोबिन ११.९. आईचाही कोर्स झाला, तिला मात्र धातूची चव, मळमळ, काहीच झालं नाही. कंबरेसाठी फिजिओथेरपी चालू आहे. शाळेची गाडी बंद, पण सकाळी मला स्कूटरवर पतसंस्थेत सोडायला येतात. डिकी मी रोज उघडून बघते, त्यांना ते माहीत आहे.

आणि एक नवीन त्रास सुरू झालाय. ज्या माणसाने आठ दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता, तो आता रोज सकाळी आम्ही दोघी पोहे खात असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो आणि सांगतो, "आज पिवळी. बांधून."